चौदाव्या दिवशी कोण येतं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी कधी पाहिलं नाही. मघाशी चहा घेताना त्यांच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, की गुरुजींच्या ओट्यावर कुणीही येऊन बसायचं, मनातलं बोलायचं, आणि बोलणं पुरं होईपर्यंत गुरुजी तोंड उघडायचे नाहीत. शिक्षकाच्या जातीला हे किती अवघड आहे, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. व्याख्यात्याच्या जातीला तर त्याहून अवघड!

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ग्रामीण भागातील मानसिक आरोग्य आणि समुपदेशन’. विषय मोठा आणि वेळ तासाभराचा. म्हणून माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला शेवटची एसटी पकडायला मधेच उठावं लागलं तरी त्यांचं नुकसान नको. खेड्यातल्या माणसाच्या मनाला आधार देण्याचं काम खेड्यातलंच माणूस करू शकतं, आणि चांगलं करू शकतं. ही भाबडी आशा नाही; हे तपासून, मोजून पाहिलेलं आहे, आणि तेही आपल्या अमरावतीत, आपल्या शेजारच्या गोव्यात. मग अडलंय कुठे? त्या माणसाला नीट शिकवायचं कुणी, त्याच्या पाठीशी उभं राहायचं कुणी आणि त्याला पगार द्यायचा कुणी, इथे अडलंय. बाकी सगळं या तीन प्रश्नांच्या आजूबाजूचं आहे.

आधी हिशेब मांडू. २०१५-१६ साली देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. म्हणजे या सभागृहात शंभर माणसं असतील, तर दहा-अकरा. आणि उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण? आजारानुसार ७० ते ९२ टक्के. मानसोपचारतज्ज्ञ किती, तर लाख लोकांमागे ०.७५. पाऊण डॉक्टर! आणि हा पाऊण डॉक्टर तरी बसतो कुठे? नागपुरात, पुण्यात, मुंबईत. सरकारी मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला नागपूर गाठायचं तर त्याची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याची बुडते, गाडीभाडं वेगळं, आणि परत आल्यावर गावात बोभाटा होतो तो वेगळाच. ‘येरवड्याला नेलं’ या दोन शब्दांनी मुलींची लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत.

हे आपल्याला आजच कळलं असंही नाही. १९७५ च्या सुमाराला बंगळुरूजवळच्या सकलवाड्यात ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेनं, आणि हरियाणात रायपूर राणीला चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेनं, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या कर्मचाऱ्यांना शिकवून हे काम होतं का ते करून पाहिलं. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. पुढे बेल्लारी जिल्ह्यात प्रयोग झाला आणि त्याच्या आधारावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे आपल्याकडे कागद पन्नास वर्षांचा आहे. कागदाला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता.

आता कुणी म्हणेल, बाई, मन म्हणजे काय ताप आहे का, की गावातली कुणीही बाई काखेत थर्मामीटर लावून बघेल? मोठमोठ्या डॉक्टरांनी हा प्रश्न मला विचारलाय. त्यांना मी गडचिरोलीची आठवण करून देते. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर गावातल्या थोडंफार शिकलेल्या बाईनं तो ओळखायचा आणि घरीच उपचार करायचे, असं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ठरवलं, तेव्हाही लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. ३९ गावांत ते करून दाखवलं, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. ज्या हातांवर आपण एवढंसं बाळ सोपवलं, त्या कानांवर एक दुःखी माणूस सोपवायला का घाबरतो?

घाबरायचं कारण नाही, हे गोव्यातल्या ‘संगत’नं दाखवलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ही संस्था सुरू केली. त्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि निम्म्यांना त्यासोबत सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन. समुपदेशक कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेली, स्थानिक, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली माणसं. तीन महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के बरे झाले होते, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं.

आणि आपलं अमरावती. ‘विश्राम’ हा प्रकल्प इथल्या ३० गावांत चालला. गावातली आरोग्य कार्यकर्ती घरोघर बोलायची, जिथे गरज वाटेल तिथे समुपदेशक यायचा, आणि ज्याला औषधांची गरज त्याला मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी (४.३ टक्के) कुणाची मदत घेतली होती. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. मरणाचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. आपल्या मातीत, कापसाच्या पट्ट्यात, जिथे बाहेरचा माणूस फक्त मेलेल्यांची मोजदाद करायला येतो, तिथे हे झालं.

इतकं झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, द्या शिकवून. तर थांबा. काम सोपं नाहीये, फक्त शिकवण्याजोगं आहे. या दोहोंत फरक आहे, आणि माझा सगळा जन्म तो फरक समजावण्यात गेला. गावोगावच्या आशाताईंना आणि बचत गटातल्या बायांना ऐकायला शिकवणं, हा माझा व्यवसाय.

एक उदाहरण देते. नैराश्य चाचपडायला नऊ प्रश्नांचा एक तक्ता सगळीकडे वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, झोप लागते का, जेवण जातं का, आपण कशाच्याच कामाचे नाही असं वाटतं का... आणि नववा प्रश्न, यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का. प्रत्येकाला उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. सकाळी अकराची वेळ. आशाताईच्या हातात फॉर्म. दारात सासू उभी, पोरगं पदर ओढतंय, शेजारीण कुंपणाला टेकून कान देऊन. आशाताई पेन काढून वाचते, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला मेलेलं बरं असं वाटलं का?’ काय उत्तर येणार? ‘काई नाई व बाई. सारं चांगलं हाय.’ नऊच्या नऊ प्रश्नांना ‘अजिबात नाही’. फॉर्म भरला, सही झाली, महिन्याच्या अहवालात एक घर वाढलं. आणि गाव आनंदी आहे, अशी जिल्ह्याच्या ठिकाणी नोंद झाली!

दुसरी आशाताई. तिनं फॉर्म पिशवीतच ठेवला. ओसरीवर सुपात तुरीची डाळ घेऊन घरधनीण बसली होती, तिच्या समोर ही बसली आणि डाळीतले खडे वेचायला लागली. औंदा बोंडअळीनं कुणाचं किती नेलं, पोरीला बारावीला किती पडले, अशा गोष्टी निघाल्या. सासू थोड्या वेळानं कंटाळून आत गेली. डाळ संपत आली तेव्हा ती बाई मान वर न करता म्हणाली, ‘मले रातच्याला डोळाच लागत नाई. कायले जगावं असं वाटते कदी कदी.’ आता इथे पहिल्या ताईचं आणि दुसरीचं शिक्षण वेगळं पडतं. शिक्षण नसलेली म्हणेल, ‘असं बोलू नये व माय, लेकराकडं पाह्य.’ झालं, दार बंद. शिकलेली ताई खडे वेचायची थांबली आणि म्हणाली, ‘कधी कधी म्हणजे कधी? काल वाटलं?’

मरणाचं विचारलं म्हणजे मरणाचं डोक्यात भरवलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. उलट, एवढं वजन एकटीनं वाहणाऱ्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी हात लावलेला असतो. पण हे सरळ विचारायला छाती लागते, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय करायचं ते माहीत असावं लागतं. आज रात्री तिच्याजवळ कोण झोपेल? घरातला फवारणीचा डबा कुणाकडे द्यायचा? उद्या सकाळी मी किती वाजता येईन? कुणाला फोन करायचा? हे चार प्रश्न तिथेच सोडवायचे असतात. यातलं एकही काम पदवीचं नाही. पण एकही काम आपसूक येणारंही नाही.

आता मी जरा वेगळ्या गोष्टीकडे वळते. शहरातल्या समुपदेशनाच्या खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा पेला आणि कागदी रुमालांचं खोकं असतं. खेड्यातल्या समुपदेशकाच्या पिशवीत काय असावं? मी म्हणेन, सातबाराचा उतारा, बँकेचं पासबुक आणि तहसील कार्यालयातल्या लिपिकाचा फोन नंबर.

हसू नका, मी गंभीरपणे बोलते आहे. २०२२ साली देशात शेतीतल्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, शेतकरी आणि शेतमजूर मिळून. त्यातली ४,२४८ महाराष्ट्रातली. रोज अकरा-बारा. त्यातल्या प्रत्येक घरात मागे एक बाई उरते, आणि तिच्यापुढे पहिली गोष्ट कुठली येते? शोक? नाही. फाइल येते. २००६ च्या जानेवारीतल्या शासन निर्णयानं १ लाख रुपयांची मदत ठरली: ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. वर्षानुवर्षं रक्कम तेवढीच राहिली. ती मिळायला नवरा मेला एवढं पुरत नाही. तो नापिकीनं, कर्जापायी, वसुलीच्या तगाद्यानं मेला हे दिसावं लागतं. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, बँकेचं थकबाकीचं पत्र, आणि मग जिल्ह्याच्या समितीपुढे त्या मरणाचा निकाल लागतो: पात्र किंवा अपात्र.

मरणाला अपात्र म्हणणारी यंत्रणा जगात आणखी कुठे असेल तर मला सांगा.

त्या बाईला कार्यालयात विचारतात, नवरा प्यायचा का? घरात भांडण झालं होतं का? कर्ज खासगी सावकाराचं होतं की बँकेचं? सावकाराला परवाना होता का? जो प्रश्न ती रोज रात्री स्वतःला विचारते, ‘माझंच काही चुकलं का?’, तोच प्रश्न सरकारी शिक्का मारून दिवसा पुन्हा विचारला जातो. आघात एकदाच होतो असं पुस्तकात वाचलंय. इथे तो टेबलाटेबलावर होतो. आणि जी स्वतः शेतात राबायची, तिनं जीव दिला तर? सातबारावर तिचं नाव नसतं. ती शेतकरी ठरत नाही. नोंदीत तिच्या नावापुढे ‘गृहिणी’ असं पडतं. २०२१ साली अशा २३,१७९ गृहिणींच्या आत्महत्या देशात नोंदल्या गेल्या. त्यातल्या किती जणींच्या हाताला कापसाचं बोंड टोचलेलं होतं, हे नोंदवायला रकानाच नाही.

म्हणून मी म्हणते, की अशा घरी जाणाऱ्या समुपदेशकानं पहिल्या भेटीत ‘तुम्हाला कसं वाटतंय’ हे विचारू नये. ‘कागद कुठवर आले?’ हे विचारावं. तिच्याबरोबर तहसिलात जावं, बाकावर बसावं. त्या बाकावर जेवढं बोलणं होतं तेवढं कुठल्याही खोलीत होत नाही. पुण्याच्या कायदा आणि मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या एका केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचं काम सुरू केलं, पुढे ते गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेलं. त्यात गावातल्याच स्वयंसेवकांना दोन्ही गोष्टी शिकवल्या: ऐकायचं कसं, आणि निराधार पेन्शन, शिधापत्रिका, घरकुल यांचे अर्ज मिळवून द्यायचे कसे. मला ती जोडी अगदी बरोबर वाटते. पोटाची काळजी मनातून काढता येत नाही. ती काढायची तर चुलीपासून सुरुवात करावी लागते. पण उलटंही खरं आहे, हेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सगळं पैशावर आणून ठेवते. कर्जमाफी झाल्यावरही ज्याची झोप परत येत नाही, त्याला आजार आहे. त्याला गोळ्या लागतील, आणि त्या बऱ्याच महिने घ्याव्या लागतील. ‘तुझं कर्ज तर फिटलं, आता काय रडतोस’ म्हणणारा शेजारी त्या माणसाचा घात करतो.

‘तेरवं’ हे नाटक तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. त्यात काम करणाऱ्या बायका म्हणजे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी. त्यातल्या वैशाली येडे यांनी २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं, हे आठवत असेल. मला त्या नाटकाची वाङ्मयीन चर्चा करायची नाही. मला एवढंच दिसतं, की जी गोष्ट ऑफिसात प्रश्नांच्या उत्तरादाखल सांगावी लागायची, तीच गोष्ट त्या बायकांनी स्वतः ठरवून, स्वतःच्या क्रमानं, उजेडात उभं राहून सांगितली. आघातातून उठण्याच्या कामात हे ‘स्वतः ठरवून’ फार मोलाचं आहे.

तेरवीचं नाव निघालंच आहे, तर तिसऱ्या गोष्टीकडे येते. तेराव्या दिवसापर्यंत आपला समाज, खरं सांगायचं तर, फार चांगला वागतो. चूल पेटू देत नाही, शेजारून भाकरी येते, रात्री बायका सोबतीला झोपतात, आलेला प्रत्येक माणूस तीच हकीगत पुन्हा ऐकतो. जगातल्या कुठल्याही तज्ज्ञानं आखून दिलं असतं तरी यापेक्षा बरं झालं नसतं. पण चौदाव्या दिवशी कोण येतं? मंडप निघतो, पाहुणे गाडी धरतात, आणि खरी रात्र तिथून सुरू होते.

किल्लारीच्या भूकंपाचं घ्या. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या गावांतली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सरकारी आकड्यानुसार जवळपास ८ हजार माणसं गेली. मदतीचा पूर आला, देशातून आला, जगातून आला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्यानं वसवली. हे काम लहान नव्हतं, त्याला नावं ठेवण्यासाठी मी बोलत नाही. पण नव्या गावात घराचं माप जमिनीच्या मापावर ठरलं: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. रस्ते सरळ, घरं ओळीत, आणि शेजार मोडला. ज्या बाईचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा, ती तीन गल्ल्यांपलीकडे गेली. पक्क्या स्लॅबच्या घरात झोपायला लोक वर्षानुवर्षं धजावले नाहीत. बाहेर पत्र्याचं शेड टाकून निजायचे. इंजिनिअर सांगायचा, घर भूकंपरोधक आहे. माणूस मान डोलवायचा आणि अंथरूण बाहेर घालायचा. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. मोहन आगाशे यांनी या भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास केला. होय, तेच, नाटक-सिनेमातले आगाशे. ते मुळात मनाचे डॉक्टर. आपल्याकडे आपत्तीनंतर मनाकडेही पाहायचं असतं हे रुजायला त्या कामाची मदत झाली.

त्यानंतर आपण काय शिकलो? २०१४ च्या जुलैत माळीण दरडीखाली गाडलं गेलं, २०२१ साली महाडचं तळिये, २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. दर वेळी आधी नेते पोचतात, मग कॅमेरे, आणि कॅमेऱ्यामागून तो प्रश्न: ‘त्या वेळी नेमकं काय झालं? तुम्हाला काय वाटलं?’ पत्रकारांचं सोडा, तो त्यांचा धंदा आहे. पण मदतीला गेलेली शहाणी मंडळीही असंच करतात. सगळ्यांना गोल बसवायचं आणि झालेला प्रसंग एकेकाकडून सविस्तर वदवून घ्यायचा. ‘बोललं की मोकळं होतं’ अशी आपली समजूत. जबरदस्तीनं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, काहींना अपायच होतो, हे आता पक्कं माहीत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही असं करू नका म्हणते. संघटनेनं काय करायला सांगितलंय? आधी बघा: कुणाला इजा आहे, कुणाचं मूल सापडत नाही, कोण एकटं पडलंय. मग ऐका: त्याला बोलायचं असेल तेवढंच. आणि जोडून द्या: माणसांशी, माहितीशी, सोयीशी. बहुतेक माणसं अशा आधारावर काही महिन्यांत सावरतात. ज्यांना तोच प्रसंग रोज झोपेत दिसतो, जे घराबाहेर पडत नाहीत, पिऊ लागतात, त्यांच्यासाठी पुढचे उपचार. पण ते कोण, हे कळायचं कसं? पहिल्या आठवड्यात कळत नाही. सहाव्या महिन्यात कळतं. पहिल्या पावसात कळतं, कारण दरड पाहिलेल्या माणसाला पत्र्यावरच्या पावसाचा आवाज सोसत नाही. त्या वेळी गावात कोण असतं? शहरातलं पथक? ते केव्हाच दुसऱ्या आपत्तीकडे गेलेलं असतं. असते ती गावातली बाई.

किल्लारीनंतर एक गोष्ट मात्र फार छान घडली, आणि तिची चर्चा कमी होते. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमासाठी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीनं हजारावर गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. घराच्या हप्त्याची माहिती लोकांना सांगायची आणि लोकांच्या तक्रारी अधिकाऱ्याला सांगायच्या, एवढंच काम. पण ज्या गावात बाईनं चारचौघांत डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, तिथे ती सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारायला लागली. त्यांच्या कामाला कुणी मानसिक आरोग्याचं नाव दिलं नाही. मी देते.

दोन-तीन गोष्टी पटापट सांगते, वेळ होत आली.

विष. रागाच्या किंवा निराशेच्या भरात माणूस जे हाताशी असेल ते उचलतो, आणि ती लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते. श्रीलंकेनं १९९० च्या दशकापासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी उतरलं. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी गावात सामायिक कुलूपबंद कप्पे करून फवारणीची औषधं तिथे ठेवण्याचा प्रयोग केला. आपल्याकडे डबा खाटेखाली असतो. ग्रामपंचायतीला असे कप्पे करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पोलीस. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून नातेवाईक दवाखान्यात ‘चुकून प्याला’ असं सांगायचे आणि पुढची मदत तिथेच खुंटायची. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे; असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरायचं आणि त्याची काळजी घ्यायची, असं तो सांगतो. गावात हे अजून पोचलेलं नाही. आज इथून जाताना चार जणांना सांगा.

भगत, बुवा, दर्गा. यावर भांडण करायला तुम्हाला आवडेल, मला नाही. मारहाण आणि साखळदंड असेल तिथे जादूटोणाविरोधी कायदा आहे, २०१३ पासून आहे, तक्रार करा. २००१ साली तमिळनाडूतल्या एर्वाडीत साखळीनं बांधलेली माणसं आगीत जळून मेली, ते विसरता येत नाही. पण नुसता अंगारा लावून घेणाऱ्या आईला वेड्यात काढून तिचं पोर दवाखान्यात येत नाही. अंगारा असू दे, गोळीही असू दे, म्हटलं की येतं.

आता शेवटचं, आणि यावर मी चिडून बोलणार आहे. ‘विश्राम’ संपला. प्रकल्प होता, प्रकल्प संपतात. राज्य सरकारनं २०१५ साली १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, आशाताईंकडून घरोघर तपासणी ठरवली. कल्पना चांगली. पण आशाताईच्या पिशवीत आधीच काय काय आहे? बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, मलेरिया, साखर, रक्तदाब, सगळ्यांची ऑनलाइन नोंद. त्यात मनही टाकलं. आणि तिला पगार नाही, फक्त मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२४ च्या सुरुवातीला याच बायका मुंबईच्या आझाद मैदानावर थंडीत धरणं धरून बसल्या होत्या. अख्ख्या गावाचं दुःख ऐकणाऱ्या बाईला स्वतःचं ऐकवायला मुंबईपर्यंत जावं लागतं.

आणि पैशापेक्षाही एक गोष्ट कमी आहे. ती रोज ऐकते, ते घेऊन जायचं कुठे? गोव्याच्या प्रयोगात समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसत, एकमेकांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकत, कुठे घाई झाली, कुठे उपदेश झाला ते तपासत. त्या ६४ टक्क्यांचं श्रेय प्रशिक्षणाइतकंच या बसण्याला आहे असं माझं मत आहे. आपण तीन दिवसांचं शिबिर घेतो, प्रमाणपत्र देतो, फोटो काढतो आणि निघून येतो. जिच्या हातावर एखादं माणूस गेलं, तिला दुसऱ्या दिवशी कुणी फोनसुद्धा करत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोतवाल, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका ही जशी पदं आहेत, तसं दर दोन-तीन हजार वस्तीमागे एक पद असावं. गावातलंच माणूस, कायम, पगारी. महिन्यातून दोनदा त्यांची प्राथमिक आरोग्य केंद्रात बैठक, आणि तिथे जिल्ह्याचा मानसोपचारतज्ज्ञ हजर. हे होईल तेव्हा होईल. तोवर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, कृषी सेवा केंद्राच्या दारावर आणि शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो चालू आहे, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं. स्वतःला गरज असेल तर स्वतःसाठी लावा, लाजू नका.

आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा: एक, फवारणीच्या औषधांसाठी गावात कुलूपबंद कपाट, दोन, गावातल्या मनाच्या कामासाठी एक पगारी पद हवं, असा जिल्हा परिषदेला अर्ज. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही ही नेहमीची तक्रार आहे. तेवढी तुम्ही करून द्या.